मार्कस लॅटिमोरची तीन वर्षं

शाळा संपून तीन वर्षं उलटल्याशिवाय कुठल्याही पोराला एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, घ्यायचं नाही, हा अमेरिकन फुटबॉलमधला नियम रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूच्या, बाबतीत सरळसरळ अन्याय आहे असं माझं मत आहे. इथल्या मित्रमंडळींशी यावरून पुष्कळ वाद झालेत, म्हणून एकदा नीट लिहून काढते. आम्ही साउथ कॅरोलायनात ग्रीनविलजवळ राहतो. बीएमडब्ल्यूच्या कारखान्यामुळे या भागात बरीच मराठी घरं आहेत. त्याच कारखान्याच्या शेजारी डंकन नावाचं छोटं गाव आहे. मार्कस लॅटिमोर हा रनिंग बॅक तिथला.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा खेळाडू, वळतो आणि चेंडू रनिंग बॅकच्या पोटात खुपसतो. रनिंग बॅकने एक कोपर वर, एक खाली ठेवून पोटाशी जागा केलेली असते. चेंडू आत आला की दोन्ही हात मिटायचे आणि समोरच्या गर्दीत जिथे फट दिसेल तिथे घुसायचं. समोर सव्वाशे-दीडशे किलोची माणसं उभी असतात आणि त्याला खाली पाडणं हेच त्यांचं काम असतं. याला एक कॅरी म्हणतात. फट सापडली तर वीस यार्ड मिळतात, नाही सापडली तर दोन. पण शेवटी बहुतेक वेळा मार खाऊनच खाली जायचं असतं. कधी एकाचा, कधी तिघांचा.

लॅटिमोर डंकनच्या बर्न्स हायस्कूलमध्ये होता तेव्हापासून देशभरातली कॉलेजं त्याच्या मागे होती. २०१० साली शाळेतून बाहेर पडणाऱ्या रनिंग बॅकमध्ये त्याचं नाव अगदी वरच्या रांगेत होतं. शेवटी ऑबर्न विद्यापीठ की साउथ कॅरोलायना विद्यापीठ एवढाच प्रश्न उरला. अशी पोरं निर्णय जाहीर करतात तेव्हा टेबलावर वेगवेगळ्या कॉलेजांच्या टोप्या मांडून टीव्हीसमोर मोठा सोहळा होतो. लॅटिमोरने आपला निर्णय स्पार्टनबर्गच्या एका चर्चमध्ये सांगितला: घराजवळ राहणार, साउथ कॅरोलायनाकडून खेळणार. इथली माणसं अजून ती संध्याकाळ घरातल्या लग्नासारखी आठवतात. मोठा खेळाडू राज्याबाहेर जायचा ही इथली जुनी खंत होती, आणि हा राहिला.

आणि पोराने पहिल्याच वर्षी काय केलं! दुसऱ्याच सामन्यात जॉर्जियाविरुद्ध ३७ कॅरी, १८२ यार्ड. वय १८. ऑक्टोबरमध्ये देशात पहिल्या क्रमांकावर असलेली, आदल्या वर्षीची विजेती अलाबामा कोलंबियात, साउथ कॅरोलायनाच्या घरच्या मैदानावर, आली आणि ३५-२१ ने हरून गेली. त्या दिवशी लॅटिमोरचे तीन टचडाउन होते, म्हणजे तीनदा त्याने चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला. नोव्हेंबरात फ्लोरिडाच्या घरी, गेन्सविलला, त्यांच्याविरुद्ध ४० कॅरी, २१२ यार्ड, तीन टचडाउन. त्या मैदानावर साउथ कॅरोलायना त्याआधी कधीच जिंकली नव्हती, आणि त्या विजयाने संघ पहिल्यांदाच एसईसीच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या विद्यापीठांच्या लीगच्या, पूर्व गटाचा विजेता झाला. प्रशिक्षक होते स्टीव्ह स्पर्रियर. हा माणूस आयुष्यभर फेकीच्या खेळासाठी ओळखला गेला, आणि ज्या फ्लोरिडात तो खेळाडू आणि प्रशिक्षक म्हणून मोठा झाला, तिथेच त्याने चाळीस वेळा चेंडू एका पोराच्या पोटात दिला. का, तर तोच जिंकून देत होता.

वर्षअखेर हिशोब: २४९ कॅरी, १,१९७ यार्ड, धावून १७ टचडाउन. शेवटच्या सामन्यात, ३१ डिसेंबरला, फ्लोरिडा स्टेटविरुद्ध पहिल्याच क्वार्टरमध्ये डोक्याला मार बसून तो बाहेर गेला. त्या वर्षाबद्दल बोलताना हे कुणाच्या तोंडी येत नाही.

या सगळ्याचे त्याला मिळाले काय? शिक्षणाची फी, राहणं, जेवण. त्या वेळी स्कॉलरशिपसुद्धा एकेका वर्षाचीच असायची, दर वर्षी नव्याने द्यायची. ८० हजारांचं स्टेडियम भरत होतं, टीव्हीचे करार होत होते, प्रशिक्षकाला वर्षाला वीस लाख डॉलरहून जास्त पगार होता. दुकानांत २१ नंबरची जर्सी टांगलेली असायची. तिच्यावर नाव नसायचं, पण ती कुणाची हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिच्यातला एक डॉलरही त्याला घेता येत नव्हता. घेतला असता तर खेळायला बंदी आली असती. खुद्द स्पर्रियरना हे टोचत होतं. २०११ मध्ये एसईसीच्या बैठकीत त्यांनी सुचवलं की प्रशिक्षकांनी स्वतःच्या खिशातून खेळाडूंना सामन्यामागे ३०० डॉलर द्यावेत. काही प्रशिक्षकांनी पाठिंबाही दिला. पण झालं काहीच नाही.

भारतातले नातेवाईक हे ऐकून म्हणतात, "अगं, फुकट शिक्षण मिळालं ना, अजून काय हवं?" आपल्याकडे फीच्या पावतीसाठी आईबापांनी काय काय सोसलंय ते मलाही माहीत आहे, त्यामुळे हा प्रश्न मी उडवून लावत नाही. पण शिकवणीच्या बदल्यात आठवड्यातून एक दिवस चाळीस वेळा असा मार खायचा, आणि त्या दिवशी तिकिटं विकणाऱ्यांनी मात्र बाजारभावाने पैसे घ्यायचे, हा सौदा बरोबरीचा नाही.

दुसऱ्या वर्षी नेव्हीविरुद्ध पुन्हा ३७ कॅरी, २४६ यार्ड. १५ ऑक्टोबर २०११ ला मिसिसिपी स्टेटविरुद्ध सहकाऱ्यासाठी अडवणूक करताना डाव्या गुडघ्यावर कुणीतरी पडलं आणि लिगामेंट गेलं. सात सामन्यांत ८१८ यार्ड झाले होते. ऑपरेशन झालं, महिनोन्‌महिने व्यायाम झाला, आणि २०१२ च्या पहिल्याच सामन्यात व्हँडरबिल्टविरुद्ध त्याने शंभराच्या वर यार्ड काढले.

मग २७ ऑक्टोबर २०१२. टेनेसीविरुद्ध, घरच्या मैदानावर, प्रतिस्पर्ध्याचं हेल्मेट उजव्या गुडघ्यावर आदळलं. सांधा निखळला, अनेक लिगामेंट एकदम तुटली. आमचे शेजारी त्या दिवशी स्टेडियममध्ये होते. निवृत्त गृहस्थ, कडक बोलणारे. ती क्लिप टीव्हीवर लागली की आजही ते उठून स्वयंपाकघरात जातात. ते सांगतात, पाय वळलेला दिसला आणि अख्खं स्टेडियम गप्प झालं. मग दोन्ही संघांचे खेळाडू मैदानात आले, टेनेसीचेही. त्याच्याभोवती उभे राहिले. दोन दिवसांनी त्याचा २१ वा वाढदिवस होता. लोक विद्यापीठाच्या हिरवळीवर जमले, प्रार्थना केल्या. ते प्रेम खरंच होतं. मी इथे राहते, मला ते रोज दिसतं. पण या प्रेमाच्या आडच तो नियम इतकी वर्षं सुखाने जगला. पोरगा विनम्र, देवभोळा, कधी तक्रार न करणारा, म्हणून सगळ्यांना तो आवडला, आणि त्याच्या वतीने तक्रार करायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

२०१३ मध्ये, म्हणजे नियमाप्रमाणे तीन वर्षं भरल्यावर, एनएफएलच्या वार्षिक खेळाडू-निवडीत सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनाइनर्स संघाने त्याला चौथ्या फेरीत १३१ वा म्हणून निवडलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये, एकही अधिकृत सामना न खेळता, तो निवृत्त झाला. वय २३. कॉलेजचे तीन हंगाम, ५५५ कॅरी, २,६७७ यार्ड, धावून ३८ टचडाउन. रनिंग बॅकचं शरीर जितके घाव सोसू शकतं त्यातले सगळ्यात ताजे घाव त्याने फुकट सोसले.

याच्या आधी एकाने हा नियम कोर्टात नेला होता. ओहायोच्या यंगस्टाउनचा मॉरिस क्लॅरेट. २००२ मध्ये पहिल्याच वर्षी त्याने ओहायो स्टेटसाठी १,२३७ यार्ड काढले. जानेवारी २००३ मध्ये मायामीविरुद्धच्या अंतिम सामन्यात चेंडू अडवून पळणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या हातातून त्याने तो हिसकावून परत आणला, आणि दुसऱ्या जादा डावात विजयी टचडाउनही त्यानेच केला. नंतर कॉलेजने त्याला निलंबित केलं. तो एनएफएलविरुद्ध कोर्टात गेला, २००४ च्या फेब्रुवारीत जिंकला आणि मे महिन्यात अपिलात हरला. ते अपिलाचं निकालपत्र सोनिया सोटोमायोर यांनी लिहिलं, ज्या पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. क्लॅरेटचं पुढे फार वाईट झालं, तुरुंगही झाला, आणि लोक म्हणतात बघा, पोरगाच तसला. पण त्याच ओहायोतून, त्याच २००३ साली लेब्रॉन जेम्स शाळेतून थेट एनबीएत, म्हणजे बास्केटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, गेला. तेव्हा तो अठराचा होता. बास्केटबॉलमध्ये तेव्हा चालायचं, आता तिथेही थांबावं लागतं ते एकच वर्ष; बेसबॉलमध्ये तर चालतंच. ज्या खेळात शरीर सगळ्यात लवकर झिजतं तिथेच तीन वर्षं थांबा म्हणायचं, हे माझ्या बुद्धीला पटत नाही.

"अठराव्या वर्षी एनएफएलचा मार झेपणार नाही" हा युक्तिवाद क्वार्टरबॅकबद्दल, लाइनमनबद्दल (पुढच्या रांगेत अडवणूक करणारे ते धिप्पाड खेळाडू) मी ऐकून घेईन. पण अलाबामाच्या त्या संघातले कितीतरी पुढे एनएफएलमध्येच गेले. लॅटिमोर अठराव्या वर्षी त्यांच्याच अंगावर धावत होता.

आता काही बदललंय हे मान्य. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमावता येतं. २०२५ पासून विद्यापीठं थेट पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंतची मर्यादा होती. इथे पुष्कळ जण नाक मुरडतात, खेळाचं पावित्र्य गेलं म्हणतात. मला तर आनंद झाला. आज डंकनमधून असा पोरगा निघाला तर पहिल्या वर्षीच आईच्या हातात काहीतरी ठेवू शकेल.

तीन वर्षांचा नियम मात्र जागचा हललेला नाही. आणि दुखापतीचं म्हणाल तर २०२४ च्या ऑगस्टपासून कॉलेज सोडल्यावर किमान दोन वर्षं खेळातल्या दुखापतीचा खर्च विद्यापीठांनी उचलायचा असं ठरलंय. दोन वर्षं! लॅटिमोरच्या हिशोबाने पाहिलं तर तेविसाव्या वर्षाच्या आसपास ती मुदत संपली असती. माझं म्हणणं एवढंच आहे: रनिंग बॅकला एका हंगामानंतर जायची मुभा द्या, आणि कॉलेजसाठी खेळताना मोडलेल्या गुडघ्याचा खर्च त्या कॉलेजने तो माणूस जिवंत असेपर्यंत करावा. इथे अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी, जी शनिवारी जर्सी घालून स्टेडियममध्ये जातात आणि ज्यांची मुलं आता शाळेच्या संघात खेळायला लागलीत, त्यांनी आपल्या विद्यापीठाला हे लिहून विचारावं. मी माझं पत्र पाठवलंय. कुणाला मसुदा हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, देते.