कंदी पेढा आणि माझं आईपण

गेल्या मंगळवारी एका बाईनं माझ्या पोटच्या पोराला अनाथ ठरवलं आणि त्यानं एका कंदी पेढ्याच्या मोबदल्यात ते कबूलही केलं. याला चार दिवस झाले. नवरा म्हणतो, सोड आता. मी सोडत नाहीये.

निमित्त अगदी साधं. धाकटीला पाच वर्षं पूर्ण झाली. पाचच्या आतल्या पोरांचं आधार निळं असतं, त्याला बोटंबिटं लागत नाहीत. पाच झाली की दहा बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळं द्यावी लागतात. म्हणून साताऱ्यातल्या एका आधार केंद्रात आम्ही तिघं जाऊन बसलो. केंद्र म्हणजे एक खोली, एक यंत्र आणि एक पंखा. यातलं एका वेळी एकच चालू असतं. थोरल्याला शाळेला सुट्टी होती आणि त्याला घरी ठेवणं म्हणजे घर गहाण ठेवणं, म्हणून तोही बरोबर. (नावं देत नाही. थोरला साडेआठ वर्षांचा आहे, पण मोठा झाला की माझ्यावर दावा लावील अशी चिन्हं आत्ताच दिसतायत.)

थोरला माझ्या पोटचा, धाकटी दत्तक. सव्वादोन वर्षांची असताना ती घरी आली. दत्तक घेतलेल्या घरात फाइल हा कुटुंबातला आणखी एक सदस्य असतो. खरं तर जन्मदाखल्यावर आमचीच नावं आहेत, त्यापलीकडे काही लागत नाही. पण इतक्या वर्षांत इतक्या जणांनी इतके कागद मागितलेत की मला सवयच जडलीय. उद्या दळण आणायला निघाले तरी लग्नाचा दाखला साक्षांकित करून नेईन. तर फाइल मांडीवर होती, धाकटी फाइलवर होती, ती उतरली आणि फाइल पडली.

कागद शेजारच्या मावशींच्या पायाशी गेले. मावशी कोरेगावकडच्या. बरोबर दुसरी-तिसरीतला नातू होता. नुकतं वाचता येऊ लागलेली पोरं दिसेल ते वाचत सुटतात, तसं त्याचं चाललं होतं. ‘थुंकू नये.’ ‘टोकन घ्यावे.’ ‘दलालांपासून सावध राहा.’ आणि त्याच सुरात, त्याच पट्टीत, ‘द-त्त-क आ-दे-श.’

खोलीत शांतता पसरली. पंखाही थांबला. तो तसाही थांबतच होता.

मावशींनी कागद उचलून दिला. मग त्यांनी दोन्ही पोरांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पदर सावरून माझ्याकडं तोंड करून बसल्या.

“मंग? ह्यातलं कंचं?”

“कंचं म्हणजे?”

“आणल्यालं.”

“दोन्ही आणलीयत मावशी. काम एकीचंच आहे, पण दुसऱ्याला कुणाकडं ठेवणार?”

“तसं न्हवं गं. पोटचं कंचं?”

अशा वेळी द्यायचं एक वाक्य मी पाठ करून ठेवलंय. शांतपणे, हसून म्हणायचं, “दोन्ही माझीच.” तसं म्हटलं. समोरचा माणूस बहुधा ओशाळतो. मावशी म्हणाल्या, “त्ये झालंच की. पन कंचं?”

आता इथं मावशी स्वतः कशासाठी आल्या होत्या ते सांगायला हवं. त्यांच्या आधारवर लिंगाच्या रकान्यात ‘पुरुष’ पडलं होतं. त्यामुळं लाडकी बहीणचे पैसे अडकले होते. म्हणजे सरकारदरबारी जिचं बाईपण अजून सिद्ध व्हायचं होतं, ती बाई माझं आईपण तपासत होती.

“थांब, सांगू नगंस,” त्या म्हणाल्या. “म्या वळखते. बाजारात वासरू बघून गाय सांगते म्या. आजवर चुकले न्हाई.”

मी गाय. बसून राहिले.

त्यांनी आधी धाकटीची हनुवटी धरून चेहरा डावीकडं वळवला, उजवीकडं वळवला. दात बघतील असं वाटलं, तेवढं केलं नाही. “ही तुझी. आक्षी तू. नाक बघ की. रंग बी त्योच.” मग थोरल्याकडं वळल्या आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. “ह्यो न्हवं. घारं डोळं. गोरंपान. कुठनं आणलास गं? आन राजाच्या घरी घेत्यात दत्तक, आपल्यासारख्यांत कशापायी?”

राजाच्या घरचं बोलल्या म्हणून सांगते. साताऱ्यात बसून कुणी मला दत्तकाबद्दल ऐकवावं, हे मला मानवत नाही. या गावाचं राज्यच त्या पायी गेलं. १८४८ साली शहाजीराजे, म्हणजे अप्पासाहेब महाराज वारले. पोटचं मूल नव्हतं म्हणून मरण्यापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. इंग्रजांचा गव्हर्नर जनरल डलहौसी नुकताच हिंदुस्थानात आला होता. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, हा काही खरा वारस नव्हे. झालं, राज्य खालसा. पोटचा वारस नाही तर राज्य कंपनीचं, या नियमाखाली गिळलेलं त्याचं हे पहिलं संस्थान. आणि त्याच गादीवरच्या थोरल्या शाहूंनी १७०७ साली मोगलांच्या कैदेतून परतताना वाटेत पारदमध्ये एका बाईचं पोर आपलं म्हणून घेतलं, फत्तेसिंह नाव ठेवलं आणि मुलासारखं वाढवलं. अक्कलकोटचं संस्थान त्याच फत्तेसिंहाच्या घराण्याचं. शाहू महाराजांना कुणी रांगेत बसवून “ह्यातलं कंचं?” विचारल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. डलहौसी मात्र आपल्याकडं अधूनमधून जन्म घेत असतो. या खेपेला नऊवारीत आला होता एवढंच.

मावशी चुकल्या हे एव्हाना कळलंच असेल. सगळे चुकतात. घारे डोळे नवऱ्याच्या आजीचे, ते त्याला चुकवून थोरल्याकडं आले. धाकटीचं नाक माझ्यासारखं कसं, ते गणपतीला ठाऊक. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात थोरल्यानं मावशींच्या पिशवीत डोकावून पाहिलं. आत राजवाड्याजवळून घेतलेला पेढ्यांचा पुडा होता. माझ्या पोरानं ते घारे डोळे हळूच खाली झुकवले, हात मांडीवर ठेवले आणि जन्मल्यापासून पहिल्यांदाच गप्प बसला.

“बिच्चारं,” मावशी म्हणाल्या. “जेवतोस का रं पोटभर?”

त्यानं विचार केला. “कधी कधी.”

सकाळी तीन थालपिठं. लोण्यासकट. चौथं अर्धं टाकलं, त्यावरून मी ओरडले होते.

“आई मारती?”

“अभ्यासाला.”

रांगेत कुणीतरी चुकचुकलं. एका गृहस्थांनी वर्तमानपत्र खाली घेऊन माझ्याकडं नीट पाहून घेतलं, पुढं ओळख पटवायची वेळ आली तर असावी म्हणून. मावशींनी पुड्याची दोरी सोडली, एक पेढा काढला आणि पोराच्या तळहातावर ठेवून त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

आता धाकटीचं ऐका. तिची गोष्ट तिला पाठ आहे. कुठून आली, कशी आली, आम्ही तिला आणायला गेलो तेव्हा आईच्या साडीला पिन नव्हती आणि बाबा रडले, सगळं. ती घरी आली त्या तारखेला दरवर्षी शिरा होतो. म्हणजे तिला वर्षात दोन वाढदिवस आणि दादाला एकच. या अन्यायाविरुद्ध दादानं आमच्याकडं लेखी तक्रार केलेली आहे. थोडक्यात, दत्तक हा तिच्या लेखी किताब आहे, आणि तो दादा दिवसाढवळ्या पळवत होता. वर पेढा खात होता.

“तो नाही! मी आहे दत्तक!” ती ओरडली. “पेढा माझाय!”

“गप गं,” मावशींनी तिला दटावलं. “भावाला आसं चिडवू न्हाई. देव बघतो.”

ती फरशीवर आडवी झाली. “दादा खोटं बोलतोय! तो आईच्या पोटातनंच आलाय! पोट कापून काढलाय त्याला!”

अशा रीतीनं माझं सिझेरियन साताऱ्यात जाहीर झालं.

शेवटी पुन्हा कागद मागवला गेला. नातवानं अक्षर अक्षर लावून ‘मु-ल-गी’ वाचलं. मावशींनी कागदाकडं पाहिलं, धाकटीकडं पाहिलं, मग माझ्या नाकाकडं जरा रागानंच पाहिलं. “आगं पन मंग नाक कसं आलं?” जणू मीच फसवलं होतं. धाकटीला दोन पेढे मिळाले. थोरल्याच्या हातातला परत घ्यायला गेल्या, पण तो कधीच पोटात पोचला होता. मला तोंडदेखलंही कुणी विचारलं नाही.

मला मिळालं ते वेगळंच. “पुन्याचं काम केलंस बाई. यशोदा हायस.”

हे एक आता कृपा करून थांबवा. एक तर यशोदेची गोष्ट लोकांनी शेवटपर्यंत ऐकलेली नसते. तिनं वाढवलं, लोणी चारलं, आणि एक दिवस रथ आला नि पोर मथुरेला निघून गेलं, ते गोकुळात राहायला म्हणून काही परत आलं नाही. हा आशीर्वाद आहे का? आणि पुण्य कसलं? मला मूल हवं होतं. थोरल्यानंतर दोनदा दिवस राहिले आणि गेले. खिंडीतल्या गणपतीला दर मंगळवारी जात होते, तिथं मागितलं. कुठल्या वाटेनं पाठव ते सांगायचं राहिलं, त्यानं दत्तकाच्या सरकारी पोर्टलवरून पाठवलं. तो देव मला म्हणूनच जवळचा. आईनं अंगाच्या मळाचा घडवलेला आणि बापानं दारातच ‘तू कोण?’ म्हणून मुंडकं उडवलेला. रक्ताच्या चौकशा त्याला नव्यानं सांगायला नकोत.

त्या पोर्टलवर आम्ही तीन वर्षं थांबलो. समाजसेविका घरी येऊन गेल्या, पगार बघितला, तब्येती बघितल्या, संडास बघितला, थोरल्याला कोपऱ्यात घेऊन विचारलं की तुला बहीण चालेल का. (“खेळणी तिची ती आणणार असेल तर.”) मग एका रात्री फोटो आला. हो म्हणायला ४८ तास. आम्ही नवरा-बायको सोफ्याचं कापड ठरवायला अडीच महिने घेतो. या बाबतीत अकरा मिनिटं लागली, त्यातली नऊ पासवर्ड आठवण्यात. पुढं दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी कुणीतरी येऊन बघायचं मूल रुळलंय का. मूल पहिल्या आठवड्यातच रुळलं. आम्ही अजून रुळतोय.

आणि रोजचं सांगू? संध्याकाळी देवापुढं दोघं बसतात. धाकटी ‘कानी कुंडल मोती कार’ म्हणते आणि नमस्कार झाल्यावर कार कधी येणार ते विचारते. थोरला तिला चुकीचंच शिकवतो, मुद्दाम. मला हसू येतं, मग मारामारी होते, मग वरणाला फोडणी जळते. यात पुण्य कुठल्या टप्प्यावर जमा होतं, ते कुणी दाखवावं.

पण मावशींवर एवढी चिडायचं कारण मावशी नाहीत, हे मला कळतं. गेल्या महिन्यात दोघांनी मिळून शेजारच्यांचे पेरू तोडले. बेत थोरल्याचा, झाडावर थोरला, खाली ओचा धरून धाकटी. शेजारीण थोरल्याकडं बघून हसली, “वांडच आहे मेला!” आणि मग धाकटीकडं बघून, आवाज बारीक करून मला म्हणाली, “काही म्हणा, शेवटी कुणाचं रक्त, काय सांगता येतंय.” एकाच झाडाचे पेरू. मी तिथं काहीच बोलले नाही. पेरू परत केले. घरी येऊन भांडी आपटली. रात्री दोन वाजता मला फार चांगली सहा उत्तरं सुचली. ती अजून माझ्याकडं तशीच पडून आहेत.

असो. धाकटीचा नंबर आला. यंत्रावरच्या मुलानं तिची चार बोटं काचेवर ठेवली. आलं नाही. पुन्हा ठेवली. मग त्यानं काच हुंगली. “पेढा खाल्लाय का हिनं?” ओल्या रुमालानं पुसलं, पावडर लावली, माझ्या पदराला पुसलं. कंदी पेढा तो, सहजी सुटतोय होय. पंखा बंद पडला, मग वीजच गेली, आली तेव्हा सर्व्हर गेला होता.

मावशींचंही अडलं होतं. कुठलासा कागद कमी पडत होता. त्या एकदम मागं वळल्या आणि मला म्हणाल्या, “आगं तू तरी सांग की ह्यास्नी, म्या बाईमाणूस हाय म्हून.”

‘कंचं?’ असं विचारायचं अगदी ओठावर आलं होतं. गिळलं. मी त्या मुलाला सांगितलं, हो, बाईच आहेत.

त्यानं वर न बघता विचारलं, “तुम्ही यांच्या कोण?”

मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाल्या, “लेक हाय माझी. नाक बघा की.”

त्यानं कागद मागितला.

पुढच्या मंगळवारी परत बोलावलंय, बोटं धुवून. थोरल्याची शाळा आहे त्या दिवशी, तरी तो येतो म्हणतोय. त्या मावशीपण येणार का, हे त्यानं आत्तापर्यंत तीनदा विचारलं.