कांडीचा हिशेब होतो, भाकरीचा होत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. निपाणीकडे इतकी वर्षं अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाला 'धन्यवाद, विचार करतो' एवढ्यावर वाटेला लावणं बरं दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बेळगावच्या वडगावात यंत्रमाग असलेल्या घरांतल्या बायकांचं काम देशाच्या उत्पन्नात धरत नाहीत, आणि जिल्ह्याच्या दरडोई उत्पन्नाच्या आकड्यात आपला सीमाभाग नीट दिसत नाही, असं मी लिहिलं होतं. सरांना ते पटलेलं नाही. लेखात ढोबळ चूक आहे, जीडीपी हे उत्पादनाचं माप आहे आणि त्यात भावना मिसळू नयेत, असं ते म्हणतात. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात पुढे जी सुधारणा व्हायची ती डबल डिफ्लेशन (विकलेल्या आणि घेतलेल्या मालाचे भाव वेगवेगळे धरून हिशेब करणं) आणि जीएसटीच्या आकडेवारीतून होईल, भाकरीतून नाही, असंही म्हणतात. शेवटी एक टोला आहे : "भाकरीचा भाव कुठल्या बाजारातून आणणार?"

चूक आधी कबूल करतो. घरच्या म्हशीचं घरीच प्यायलेलं दूध जीडीपीत येत नाही, असं मी लिहिलं होतं. साफ चुकलं. वस्तू असेल तर ती विकलेली असो वा घरी खाल्लेली, हिशेबात धरतात. कणगीतली ज्वारी येते, दूध येतं, शेणाचाही अंदाज पशुधनाच्या उत्पन्नात धरलेला असतो. वगळतात त्या घरच्यांनी घरच्यांसाठी केलेल्या सेवा : स्वयंपाक, धुणीभांडी, पोरं सांभाळणं, म्हाताऱ्यांचं दुखणंखुपणं. त्यातही गंमत म्हणजे स्वतःच्या घरात राहणारा माणूस स्वतःलाच भाडं देतो असं मानून ती रक्कम मात्र उत्पन्नात धरतात!

यंत्रमागाबद्दलही मी अर्धवटच लिहिलं होतं. वडगावातल्या एका ओळखीच्या घरी परवा मुद्दाम तासभर बसलो. पुढच्या खोलीत दोन माग, पडद्यामागे स्वयंपाकघर, आणि मधल्या दारात कांड्या, म्हणजे सुताच्या छोट्या रिळी, भरायचं छोटं मशीन. वहिनी तव्यावर भाकरी टाकतात, दोन पावलं पुढे येऊन रिकामी कांडी मशीनला लावतात, सूत धरतं का बघतात आणि परत जाऊन भाकरी उलटतात. कांडी भरण्याचे त्यांना कुणी पैसे देत नाही, पण ते सूत साडीत जातं आणि साडी विकली जाते, त्यामुळे कांडीचं काम उत्पन्नात आलं. असंघटित उद्योगांच्या वार्षिक पाहणीवाला दारात आला तर वहिनींची नोंद बिनपगारी का होईना, कामगार म्हणून होते. भाकरी मात्र बाहेर राहिली. उत्पादनाची सीमारेषा त्या पडद्यावरूनच गेलीय, सर. सीमेचं आम्हाला नवल नाही म्हणा, पण घराच्या आतून गेलेली पहिल्यांदाच बघितली.

आता तुम्ही म्हणता, ही रेषा शास्त्राने आखलेली आहे, ती भावनेने हलवता येत नाही. शास्त्राने आखली हे मान्य, पण ती कधी हललीच नाही असं कसं म्हणता? दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ सालासाठी माणशी वीस रुपये उत्पन्न काढलं तेव्हा सेवा धरल्याच नव्हत्या. १९४९ साली महालनोबिस, धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव यांची राष्ट्रीय उत्पन्न समिती बसली, तिने सेवा धरल्या. रशियातले हिशेबनीस मात्र पुढेही कित्येक वर्षं बहुतेक सेवांना उत्पादनच मानत नव्हते. राष्ट्रीय उत्पन्न कसं मोजायचं हे सांगणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या २००८ च्या नियमपुस्तिकेने संशोधनावरचा खर्च आणि लष्कराची शस्त्रास्त्रं गुंतवणुकीत घातली. २०१४ साली ब्रिटनने अमली पदार्थ आणि वेश्याव्यवसायाचेही अंदाज जीडीपीत घेतले. एवढं सगळं आत आलं तेव्हा भावनेचा विषय कुणी काढला नाही. भाकरीपाशीच तो बरा निघतो!

अर्थात भाकरी थेट जीडीपीत ओता असंही माझं म्हणणं नाही. मागच्या लेखात माझा सूर तसा लागला असेल, तर तिथे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. कर, व्याज, तूट, रोजगार यांसाठी जो आकडा वापरायचा तो बाजारातल्या व्यवहारांच्या जवळच राहिलेला बरा. मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने जी नवी नियमपुस्तिका स्वीकारली तिनेही मूळ रेषा हलवलेली नाही. घरकामासाठी शेजारी वेगळं, विस्तारित खातं ठेवा, असं ती सुचवते. ते खातं आपल्याकडे उघडता येण्याजोगं आहे. केंद्राच्या सांख्यिकी खात्याने २०१९ आणि २०२४ साली वेळेच्या वापराची पाहणी केली. २०२४ च्या पाहणीत स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात असं दिसलं, पुरुषांची ८८. मिनिटं हाताशी आली, आता त्यांना भाव लावून दर वर्षी बाजूला मांडायचं काम उरलंय.

डबल डिफ्लेशनबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत आहे, आणि त्याला बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीइतकं (लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्याइतकं) चांगलं उदाहरण नाही. समजा, फाउंड्रीने वर्षाला १०० रुपयांचं कास्टिंग विकलं, त्यात भंगार, कोक आणि विजेचे ७० गेले. मूल्यवर्धन ३०. पुढच्या वर्षी कास्टिंग तेवढंच निघालं, त्याचा भावही तोच राहिला, फक्त भंगार स्वस्त होऊन खर्च ६० वर आला. मूल्यवर्धन ४०. आता कास्टिंगचा भाव हलला नाही म्हणून एकाच भावनिर्देशांकाने हिशेब केलात तर फाउंड्रीची 'खरी' वाढ एक तृतीयांश झाली असं कागदावर येतं. प्रत्यक्षात एक किलो लोखंडही जास्त ओतलेलं नाही. विकलेला माल आणि घेतलेला माल, दोन्हींचे भाव वेगवेगळे काढले की वाढ शून्य येते, आणि तीच खरी. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या राष्ट्रीय लेख्यांना, म्हणजे देशाच्या उत्पन्नाच्या हिशेबाला, 'सी' श्रेणी दिली, त्यात २०११-१२ हे जुनं आधारवर्ष (ज्या वर्षाच्या भावांनी हिशेब मांडतात ते) आणि ही एकेरी पद्धत हे दोन्ही आक्षेप होते. २०२२-२३ च्या आधारवर्षावर जायचं त्याआधीच ठरलं होतं. इथवर आपलं भांडण नाही.

भांडण आहे ते जिल्ह्याच्या आकड्यावर. "बेळगावचं जिल्हा उत्पन्न दर वर्षी निघतं, ते बघा," असं तुम्ही लिहिलंय. पण पिकांचा हिशेब सोडला तर बऱ्याच क्षेत्रांत तो आकडा खालून मोजत वर जात नाही. राज्याचा आकडा घेऊन कामगारांची संख्या किंवा तसाच एखादा निर्देशक लावून तो जिल्ह्याजिल्ह्यांत वाटतात. शिवाय उत्पन्न जिथं निर्माण झालं तिथलं धरायचं, ते घेणारा राहतो कुठे हे बघायचं नाही, ही पद्धत. तुमच्याच निपाणीतली पोरं सकाळी कोगनोळी नाका ओलांडून कागलच्या एमआयडीसीत जातात. त्यांनी केलेलं उत्पादन महाराष्ट्राच्या खात्यात जातं. ती पगार घेऊन संध्याकाळी निपाणीत परततात, तिथं किराणा भरतात आणि पोरांच्या शिकवणीची फी देतात. दुकानदाराचा नफा आणि शिकवणीची कमाई तेवढी कर्नाटकाच्या खात्यात. उलट चंदगडचा शेतकरी रताळ्याची पोती बेळगावच्या मार्केट यार्डात उतरवतो, तेव्हा रताळं महाराष्ट्राचं आणि अडत-हमाली कर्नाटकाची. दरडोई काढताना मात्र हे सगळं आपापल्या जिल्ह्याच्या लोकसंख्येने भागतात. जिल्ह्यात निर्माण झालेलं आणि जिल्ह्यातल्या माणसाच्या हातात पडलेलं, असे दोन आकडे शेजारी छापले तर हा घोळ तरी उघड दिसेल. जीएसटीतून माल कुठून कुठे गेला ते कळेल. मजूर कुठून कुठे गेला हे जीएसटीला कसं कळणार?

वजाबाकीचा मुद्दा तुम्ही काढलाच नाही, मला तोच सगळ्यात मोठा वाटतो. नव्या नियमपुस्तिकेत खाणीतून उपसलेला साठा हा उत्पादनाचा खर्च मानून निव्वळ उत्पन्न काढताना वजा करायचा आहे, आणि निव्वळ आकड्याला जास्त मान द्यायचा आहे. खानापूरकडे वीटभट्टीसाठी भाताच्या शेतातली वरची माती उचलतात. वीट उत्पन्नात येते, ट्रॅक्टरचं भाडं येतं, माती गेल्याची नोंद कुठेच होत नाही. खरं तर संयुक्त राष्ट्रांच्या २०१२ च्या पर्यावरणीय लेखा चौकटीत माती आणि पाणी या मालमत्ता म्हणून धरलेल्या आहेत. तालुक्याच्या पातळीवर त्याचं खातं उघडायला हवं, कारण माती राज्याच्या सरासरीतून जात नाही, कुणाच्या तरी सर्व्हे नंबरातून जाते.

राहिला भाकरीचा भाव. आमच्या गल्लीत एक मावशी ज्वारीच्या भाकऱ्या विकतात, दहा रुपयाला एक. परवा विचारलं तर म्हणाल्या, रोजच्या चाळीस विकायच्या आणि नऊ घरच्यांसाठी. तवा तोच, पीठ तेच. तुमची शंका या नऊपुरतीच असेल तर बाजार गल्लीतच आहे, सर.

दुधाचं वाक्य मूळ लेखात दुरुस्त केलंय. कागलला रोज जाणाऱ्यांची तुमच्या माजी विद्यार्थ्यांकडून काही माहिती मिळाली तर जरूर कळवा.