गाइड कशाला, पाटी आहे ना!

जयपूरला निघालात ना? मग एक गोष्ट घरूनच ठरवून निघा: गाइड घ्यायचा नाही. विमानाला चौघांचे किती गेले, हवेलीतल्या हॉटेलला किती जाणार, याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढणार नाही. पण तिकीट खिडकीपाशी गळ्यात ओळखपत्र अडकवलेला माणूस "साब, गाइड?" म्हणाला, की आपल्यातला हिशेबनीस खडबडून जागा झालाच पाहिजे. हात झटकून "नको भैया, हमको सब मालूम है" म्हणायचं आणि पुढे सटकायचं. काय काय मालूम आहे, असं तो विचारत नाही. भला माणूस असतो.

तरीही घरचं कुणी फारच मागे लागलं, तर एवढं पथ्य पाळा. जे डोळ्यांना आपसूक दिसतं तिथे गाइड लावायचा, आणि जे कुणी सांगितल्याशिवाय दिसणारच नाही तिथे पैसे वाचवायचे.

म्हणजे हवामहालाला अवश्य घ्या. इमारत भर रस्त्यावर उभी आहे, चुकवायची म्हटली तरी चुकत नाही. 1799 साली सवाई प्रतापसिंहाने ती बांधली आणि तिला 953 खिडक्या आहेत, हे तो सांगेल. तुम्ही ते रिक्षात बसल्या बसल्या फोनवर वाचलेलं असेलच, पण पैसे मोजून ऐकलं की आकडा खरा वाटतो. अल्बर्ट हॉल संग्रहालयातही घ्या. तिथे वस्तूंखाली पाट्या आहेत, इजिप्तच्या ममीचीही माहिती लिहिलेली आहे. ती मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस मिळाला तर कुणाला नको?

जंतरमंतरच्या वेधशाळेला मात्र चुकूनही नको.

तिथे काय आहे कळायला? सवाई जयसिंहाने 1727 साली शहर वसवलं आणि मग राजवाड्याशेजारी मोठमोठे जिने बांधून ठेवले. कुठेच न जाणारे. त्यातला सगळ्यात मोठा जिना म्हणजे सम्राट यंत्र, उंची साधारण 27 मीटर. त्याची चढण नेमकी 27 अंशांची का, हा प्रश्न तुम्हाला पडणार नाही, कारण तो कुणी पाडणारच नाही. (जयपूरचा अक्षांश 27 आहे. पण हे गाइडचं काम, मी फुकट कशाला सांगू?) पाटी वाचा. पाटीवर यंत्राचं नाव असतं आणि पुढे क्रांती, याम्योत्तर असले शब्द. मान डोलवा, पुढे चला.

गाइड असता तर त्याने तुम्हाला सम्राट यंत्राच्या संगमरवरी कमानीपाशी उभं केलं असतं आणि सावलीच्या कडेवर नजर ठेवायला लावली असती. मिनिटाभरात ती कड चार बोटं सरकते. पृथ्वी फिरते हे शाळेत ऐकलेलं, इथे ते डोळ्यांदेखत होतं. हे यंत्र दोन सेकंदांपर्यंत वेळ सांगू शकतं, तेही एकही चाक नसताना. पण मिनिटभर एका जागी उभं राहायला आपल्याकडे वेळ कुठे? पुढे आमेर आहे, हत्ती आहे, जेवण आहे.

शिवाय गाइड नसला की घरातल्या वडीलधाऱ्यांना संशोधनाची संधी मिळते. फेब्रुवारीत गेलात तर सावली मनगटावरच्या घड्याळापेक्षा चाळीसेक मिनिटं मागे दिसेल. काका चष्मा सावरून निकाल देतील, "बंद पडलंय हे. सरकारी काम!" आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखांशाची वेळ दाखवतं, जयपूर त्याच्या बरंच पश्चिमेला असल्याने सत्तावीस मिनिटं तिथेच गेली, आणि उरलेली सूर्याच्या वर्षभराच्या लहरीपणाची, हे काकांना सांगायला कुणी नसतं. त्यांचा मानही राहतो.

राशिवलय यंत्रात बारा राशींची बारा यंत्रं आहेत. प्रत्येकाचा कोन निराळा. का निराळा ते सोडा, आपल्या राशीपुढे उभं राहून फोटो काढा. मावशींची वृश्चिक सापडेपर्यंत अर्धा तास सहज जातो, म्हणजे तिकीट वसूल.

आणखी एक: जंतरमंतर बघायला ढगाळ दिवस निवडा. सूर्याच्या सावलीवर चालणारी यंत्रं बघताना उगाच ऊन कशाला लावून घ्यायचं?

फुकट ऐकायची सोय असतेच, ती विसरू नका. दुसऱ्याच्या गाइडपासून दोन हातांवर उभं राहायचं, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायची आणि कान तिकडे ठेवायचा. वहिनी चपलेवर असतील तर पर्समध्ये काहीतरी शोधायचं. अडचण एवढीच, की नेमका तो ग्रुप स्पेनचा निघतो.

पैसे वाचवायचा राजमार्ग मात्र वेगळाच आहे. स्टेशनबाहेर एक रिक्षावाला "सौ रुपये में पूरा जयपूर, गाइड भी मैं" म्हणतो. यालाच धरा. तो तुम्हाला आमेरच्या वाटेवर एका एम्पोरियममध्ये उतरवेल, "सिर्फ देखने का". आत चहा येईल. एक माणूस लाकडी ठशाने कापडावर हत्ती उमटवून दाखवेल. दुसरा जयपुरी रजई फर्रकन झटकेल, मुठीत मावेल इतकी चुरगाळेल आणि पुन्हा झटकेल. वहिनी "अय्या, किती हलकी!" म्हणतील, आणि संपलं. अधिकृत गाइडचे पैसे वाचवून तुम्ही चार रजया घेऊन बाहेर पडाल. डोंबिवलीत रजई, तीही चार! पण गाइडला एक पैसा दिला नाही, हे महत्त्वाचं.

त्रिपोलिया बाजारात सात मजली ईसरलाट दिसेल. जुन्या शहरातून सकाळी पायी फिरवणारे जाणकार असतात, ते इथे हमखास थांबतात. तुम्ही थांबू नका, विनाकारण मूड जाईल. हा मनोरा बांधणाऱ्या जयपूरच्या राजा ईश्वरीसिंहाने 1750च्या डिसेंबरात मल्हारराव होळकरांची फौज चालून आल्यावर आत्महत्या केली, आणि पुढच्याच महिन्यात शहर बघायला, खरेदी करायला आत शिरलेल्या हजारो मराठ्यांची इथल्या लोकांनी कत्तल केली. अटकेपार झेंड्यांवर भाषण देणारे आपण त्याच बाजारात लाखेच्या बांगड्यांचा भाव पाडत असतो. पाटी शोधू नका. खालच्या दुकानदाराला विचारलंत तर तो बांगड्याच दाखवेल.

परत आल्यावर ऑफिसात कुणी विचारेलच, जंतरमंतर कसं आहे? ठामपणे सांगा, "काही नाही हो, नुसते जिने." आणि त्यांनाही सांगा, गाइड घेऊ नका म्हणून. एखादी रजई हवी असेल तर विचारून ठेवा.