काळी बिअर म्हणजे कडक बिअर? नाही!

बिअर जितकी काळी तितकी कडक, असं सांगणारा मजकूर सध्या फिरतो आहे. ते साफ चूक आहे. काळा रंग येतो भाजलेल्या माल्टमुळे, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यामुळे, आणि त्याला असा माल्ट थोडासाही पुरतो. अल्कोहोल किती, हे यीस्टला आंबवायला किती साखर मिळाली यावर ठरतं. आयर्लंडची काळीभोर गिनेस ड्राफ्ट ४.२ टक्क्यांची, तर बेल्जियमची सोनेरी ड्युव्हेल तब्बल ८.५ टक्क्यांची! तेव्हा बिअर चाखून तिला गुण देण्याआधी लेबल वाचा. आणि कडक बिअर अगदी बर्फगार करून तर मुळीच चाखू नका. थंडीत तिचा सुगंध दबतो आणि चांगल्या बिअरला उगाच कमी गुण पडतात. साधारण १० ते १३ अंश सेल्सिअस तापमान ठेवा.