तेरेझा मिलानोलो : तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, एकोणिसाव्या शतकातली इटालियन व्हायोलिनवादक तेरेझा मिलानोलो हिच्यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही म्हणता ती वडिलांनी गावोगाव फिरवलेली बालकलाकार, मग लग्न झालं, व्हायोलिन पेटीत गेलं, रचना थोड्याच, तर तिला संगीतकार म्हणून एवढं डोक्यावर का घ्यायचं.

लग्नाचा भाग मी लेखात एका ओळीत उरकला ही चूक माझीच. १८५७ साली तेओदोर पार्मांतिए या फ्रेंच लष्करी इंजिनिअरशी लग्न केलं आणि जाहीर मैफली थांबवल्या, तेव्हा ती फक्त २९ वर्षांची होती. मला ते अजूनही लागतं.

पण वडिलांनी फिरवलेली एवढंच म्हणून कसं चालेल? इटलीच्या पिएमाँत भागातल्या साविल्यानो गावची ही मुलगी, वडील रेशमाच्या कामाची यंत्रं बनवायचे, घरात पैसा नाही, १८३६ मध्ये आल्प्स ओलांडून सगळे फ्रान्सला गेले तेव्हा ती जेमतेम नऊची. त्या काळात बाईने पियानोपाशी बसलेलं चालायचं, व्हायोलिन हनुवटीखाली धरलेलं लोकांना रुचायचं नाही. तरी ती वाजवत राहिली आणि पाच वर्षांनी लहान बहीण मारियाला तिनेच शिकवलं, मग दोघी जोडीने वाजवायच्या. लोक तेरेझाला मादमोआझेल अदाजियो म्हणायचे आणि मारियाला मादमोआझेल स्टकाटो, अदाजियो म्हणजे संथ लय, स्टकाटो म्हणजे तुटक तुटक सूर. हातात व्हायोलिन घेतलेल्याला विचारा, एकच सूर संथ लयीत गजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न थरथरता ओढायचा म्हणजे काय असतं, हात लटपटला की लगेच ऐकू येतं, लपवायला जागाच नाही. नुसती पोर कौतुकाची म्हणून असं नाव पडत नाही हो. आणि १८४६ मध्ये लंडनला डबल बास या मोठ्या तंतुवाद्याचा दिग्गज ड्रॅगोनेत्ती वारला तेव्हा त्याचं १७२८ चं स्ट्रॅडिव्हरियस, म्हणजे स्ट्रॅडिव्हरीने घडवलेलं नामांकित व्हायोलिन, तेरेझाकडे आलं, ते काय लाड म्हणून?

१८४८ मध्ये मारिया पॅरिसला क्षयाने गेली, १६ वर्षांची. माझ्या मते खरी तेरेझा इथून पुढे दिसते. जोडी तुटली, एकटीने स्टेजवर उभं राहायचं, आणि तिने गरिबांसाठी मैफली सुरू केल्या. म्हणजे एक मैफल तिकीट काढणाऱ्या श्रीमंतांसाठी, दुसरी गरीब मुलं आणि त्यांच्या आईबापांसाठी, आणि पहिलीत जमलेल्या पैशातून दुसरीत पैसे, खाणं, कपडे वाटायचे. त्यांनाही तेच वाद्य, तीच तेरेझा. हे वडिलांच्या डोक्यातून आलेलं नाही, तिचं स्वतःचं आहे.

रचना थोड्या आहेत, मान्य. पण ओपस १, म्हणजे तिच्या रचनांमधली क्रमांक एकची, फांतेझी एलेजियाक घ्या, नावातच शोक आहे, किंवा लामेंतो. मोजून नका ठरवू, आधी ऐका, मग म्हणा संगीतकार नाही, मी परत भांडायला आहेच.

लग्नानंतरचा भाग लेखात आज रात्री नीट लिहून टाकतो. आणि हो, साविल्यानोच्या थिएटरला आजही मिलानोलो हेच नाव आहे, तेही त्यात घालतो.