‘तीन सेकंदांत खातं रिकामं’ हा मेसेज कृपा करून पुढे पाठवू नका

साताऱ्याच्या माझ्या मावशीचे १९,९०० रुपये गेले. फोनवर ती मला दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा सांगत होती. “अगं, नंबर आपल्याकडचाच होता, प्लस एक्क्याण्णववाला. आणि ओटीपी मी कुणालाही सांगितला नाही.” ही दोन्ही वाक्यं तिच्या डोक्यात कुठून आली ते मला माहीत आहे. ‘सायबर पोलिसांचा इशारा’ म्हणून एक मेसेज आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर महिनोन्‌महिने फिरतो आहे आणि तिनेही तो चांगल्या मनाने पुढे पाठवला होता.

मेसेज थोडक्यात असा: +३७५, +३७१, +३७०, +२५५ ने सुरू होणारे कॉल उचलू नका, उचलले की तीन सेकंदांत कॉन्टॅक्ट लिस्ट आणि बँकेची माहिती कॉपी होते. कुणी #९० किंवा #०९ दाबायला सांगितलं तर दाबू नका, तुमच्या सिमवरून गुन्हे होतील. एटीएमवर चोराने गाठलं तर पिन उलटा टाका, पोलीस येतात. ओटीपी सांगितला नाही तर पैसे जाऊच शकत नाहीत. आणि गेलेच, तर तीन दिवसांत बँकेला कळवा, रिझर्व्ह बँकेच्या नियमाने सगळे परत मिळतात.

आधी ते तीन सेकंद. साध्या कॉलमधून आवाज येतो-जातो, बस. कॉन्टॅक्ट लिस्ट फोनच्या आत असते आणि परवानगी दिलेलं अ‍ॅपच ती वाचतं. ते कोड बेलारूस, लाटविया, लिथुआनिया आणि टांझानियाचे आहेत. यात खरं एवढंच की अशा नंबरांवरून एक रिंग देऊन फोन कापतात आणि आपण उलट फोन केला की महागड्या लाइनवर पैसे कापले जातात. या प्रकाराला ‘वांगिरी’ हे जपानी नाव आहे. म्हणजे उलट फोन करू नका. उचलण्याशी त्याचा काही संबंध नाही. कुणी म्हणेल, पेगासस हे पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर तर व्हॉट्सअ‍ॅपच्या नुसत्या कॉलवरून फोनमध्ये शिरत होतं. हो, २०१९ मध्ये तसं घडलं होतं, हे मान्य. पण ते सरकारांना विकलं जाणारं अतिशय महागडं हत्यार होतं, पत्रकार आणि कार्यकर्त्यांवर वापरलेलं. मावशीच्या पेन्शनसाठी ते कुणी वापरत नाही.

पण या भीतीने एक वाईट गोष्ट केली: +९१ दिसलं की माणूस सैलावतो. परदेशातून केलेला कॉल भारतीय नंबर दाखवत येऊ शकतो. असे कॉल अडवायला दूरसंचार विभागाला ऑक्टोबर २०२४ मध्ये वेगळी यंत्रणा उभी करावी लागली आणि पहिल्या २४ तासांतच तिने सुमारे १.३५ कोटी कॉल अडवले. आणि इथे बसून इथल्याच सिमवरून गंडवणारेही कमी नाहीत.

आता ओटीपी. या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच आहे, कारण ते ऐकायला शहाणपणाचं वाटतं.

मावशीला शनिवारी दुपारी एसएमएस आला. मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री ९.३० वाजता वीज तोडली जाईल, खालील अधिकाऱ्याशी संपर्क साधा. काकांचं नेब्युलायझर विजेवर चालतं. तिने फोन लावला आणि ठणकावून सांगितलं, बिल भरलंय, पावती माझ्या हातात आहे. तो म्हणाला, “बरोबर आहे मॅडम, पैसे आलेत, फक्त सिस्टीमला चढायचेत. दहा रुपये भरा, लगेच होईल. तुम्हाला या वयात ऑफिसात हेलपाटे कशाला?” त्याने वाद घातला नाही, तिचं म्हणणं मान्य केलं. तिथेच तिचा विश्वास बसला.

मग त्याने मदतीसाठी म्हणून एक अ‍ॅप घ्यायला लावलं. उघडल्यावर त्यात नऊ आकड्यांचा कोड आला. मावशीने चष्मा लावला आणि तो एकेक आकडा सावकाश वाचून दाखवला. निर्धास्तपणे, कारण तो ओटीपी नव्हता ना! तेव्हापासून तिच्या फोनचा स्क्रीन त्याला दिसत होता. दहा रुपये भरायला तिने कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे टाकले. बँकेचा एसएमएस स्क्रीनच्या वरच्या कडेला क्षणभर झळकला आणि त्याने तो वाचून घेतला. तिने तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. ती खोटं बोलत नव्हती.

स्क्रीन दाखवणारी ही अ‍ॅप्स कंपन्यांमध्ये दुरुस्तीसाठी रोज वापरतात, अ‍ॅपमध्ये खोट नाही. एनीडेस्क हे असंच एक अ‍ॅप, ते वापरून होणाऱ्या अशाच लुटीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. लग्नाची पत्रिका किंवा ई-चलान म्हणून येणारी एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल, हाही त्यातलाच प्रकार: इन्स्टॉल करताना एसएमएस वाचायची परवानगी दिलीत की ओटीपी आपोआप पलीकडे जातो. आणि यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, ‘पैसे मिळतील, पिन टाका’ म्हणणारा लुबाडायलाच बसलेला असतो.

म्हणून नंबर कुठला ते बघत बसू नका. पलीकडचा माणूस आपल्याला काय करायला लावतोय ते बघा. अ‍ॅप घे, कोड वाच, फोन ठेवू नको, आत्ताच्या आत्ता कर, यातलं काहीही आलं की फोन ठेवायचा आणि जुन्या बिलावर छापलेल्या नंबरवर आपण फोन करायचा. मावशीच्या हातातल्या पावतीवर तो नंबर होता.

#९० ची गोष्ट अमेरिकेतल्या ऑफिसांच्या जुन्या टेलिफोन एक्स्चेंजची आहे, आपल्या मोबाइलवर त्याने काही होत नाही. खरा धोका *४०१* किंवा २१* आणि पुढे एक नंबर, असं डायल करायला सांगतात त्याचा आहे. त्याने आपले कॉल दुसरीकडे वळतात. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून ही कोड डायल करून कॉल वळवण्याची सोय बंद करायला लावली, ती याच कारणाने. मेसेजने मात्र लोकांना भलताच कोड पाठ करायला लावला.

उलट्या पिनची सोय भारतात कुठल्याही एटीएमवर नाही. ज्याचा पिन १२२१ आहे त्याने काय करायचं, एवढाही विचार लिहिणाऱ्याने केलेला नाही.

राहिला परताव्याचा नियम, आणि मावशीचं खरं नुकसान इथे झालं. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, हे खरं. ग्राहकाची चूक नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर त्याच्यावर भुर्दंड नाही, आणि चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे, हेही खरं. पण मेसेजने पुढचं कलम गाळलं. पेमेंटची गोपनीय माहिती आपल्या निष्काळजीपणाने बाहेर गेली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान आपलं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे घड्याळ त्या मिनिटापासून चालतं. तीन दिवसांचा निवांतपणा कुठेच नाही.

१९३० हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर याचसाठी आहे. तक्रार लगेच पोचली तर रक्कम पुढच्या खात्यात असतानाच गोठवता येते. मावशीला शनिवारी संध्याकाळी सहा वाजता खात्यातली रक्कम कमी दिसली. तीन दिवस आहेत म्हणून रविवार तिने जाऊ दिला आणि सोमवारी दहाला पासबुक घेऊन बँकेत गेली. तोवर पैसे तिथून पुढच्या खात्यांत फुटून काढलेही गेले होते.