पुडीवर ‘सोनकी’ लिहिलंय, आत कॉसमॉस आहे

आज सकाळी सोसायटीच्या गेटवर वर्तमानपत्राच्या पुड्या वाटल्या गेल्या. वर पेनाने लिहिलेलं, ‘सोनकी. सह्याद्रीचं रानफूल. आरेत, हायवेच्या कडेला, जागा दिसेल तिथे टाका.’ पुडी उघडली आणि डोकंच फिरलं. सोनकीचं एकही बी नाही. सगळा कॉसमॉस, मूळचं मेक्सिकोकडचं शोभेचं फूल.

अरे, बी तरी बघा! कॉसमॉसचं दोन सेंटिमीटरच्या आसपास लांब, सडपातळ, काळपट तपकिरी, जरा वाकडं, टोकाला चोच आणि चोचीवर बहुधा दोन काटे. पँटला, मोज्याला, कुत्र्याच्या केसांना चिकटून ते पुढच्या वळणापर्यंत जातं. सोनकीचं बी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचं, वर पांढऱ्या रेशमी केसांचा झुबका, फुंकर मारली की उडालं. यात गल्लत होतेच कशी?

फुलात होते, तेवढं मान्य, कारण सोनकी पिवळी, आणि कॉसमॉसही नारिंगीबरोबर पिवळा असतो. मग फूल सोडा आणि पान बघा. सोनकीचं पान अखंड, कडा दातेरी, एकाआड एक. कॉसमॉसची पानं समोरासमोर आणि झेंडूसारखी बारीक चिरलेली. फूल पाच-सात सेंटिमीटरचं, बहुतेकदा आठ पाकळ्यांचं, पाकळीच्या टोकाला खाचा. सोनकी साधारण रुपयाच्या नाण्याएवढी. आणि झेंडूच वाटला तर फूल उलटं करा. झेंडूखाली जुळलेला हिरवा पेला असतो, कॉसमॉसखाली सुटी हिरवी दलं.

कॉसमॉसला हवं ऊन आणि उकरलेली माती. म्हणजे मुंबईत आपण जे जे करतो ते सगळं. केबलचा चर, रुंद केलेला रस्ता, राडारोड्याचा ढीग. दाट सावलीत तो टिकत नाही, पण रस्त्याच्या कडेवरून उघड्या गवताळ उतारावर शिरला की कमरेच्या वर वाढतो आणि खालची तेरडा, कुर्डू, कवला ही रानफुलं उन्हावाचून राहतात.

फुलपाखरं येतात त्याच्यावर, हो, येतात. मधाला येतात. सुरवंटांना खायला लागणारी झाडं मात्र त्याच्याच खाली दबतात. घाणेरीही शोभेसाठीच आणली होती. ती कशी पसरलीय ते बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जाऊन बघा.

ज्या काकांनी पुड्या बांधल्या त्यांच्यावर खरं तर राग धरवत नाही. बी वाळवलेलं, पाखडलेलं, प्रत्येक पुडीत मोजून चिमूटभर. इतकी निगुती कोण करतं हल्ली? पण डिव्हायडर झटपट रंगीत दिसावा म्हणून हेच बी मुद्दाम पेरणाऱ्यांना माफी नाही. त्यांना माहीत असायला हवं.

उपटायचा तर जुलै-ऑगस्टमध्ये, फूल धरायच्या आधी, पाऊस पडून गेल्यावर. माती ओली असते, बुडाशी धरून सरळ ओढला की सोटमुळासकट येतो. वरून गवतकापणी यंत्र फिरवू नका. खालून फांद्या फुटतात आणि तो बुटका राहून फुलतो, काम दुप्पट. आत्ता ऑक्टोबरात आधी बोंडं कापून पिशवीत भरा, मग झाड ओढा. उपटलेली फुलती झाडं तिथेच टाकली तर अर्धवट बीसुद्धा पिकू शकतं. मातीत पडलेलं बी पुढच्या पावसात उगवणार, म्हणून त्याच जागी दोन-तीन वर्षं फेरी मारावी लागते. नॅशनल पार्कात मात्र स्वतः हात लावू नका, वनखात्याच्या माणसांना जागा दाखवा.

पुडी घेतली असेल तर कुंडीतही टाकू नका. उकळतं पाणी ओता, गार झालं की ओल्या कचऱ्यात.

आणि काकांना कोणीतरी नीट सांगा, तेरड्याचं बी आत्ताच तयार आहे. पिकलेल्या बोंडाला बोट लागलं की ते फुटून बी उडतं, म्हणून आधी खाली पिशवी धरायची. ते आपल्याच कंपाउंडच्या मातीत पेरा. पुड्या बांधायला मीही येते.